काड्यांचे गठ्ठे, दांडे-सुटे की रंगीत चकत्या?

दशक-एकक शिकवायला साहित्य घ्यायचं ठरलं की दुकानात तीन गोष्टी समोर येतात आणि तिन्हींच्या खोक्यांवर जवळपास तेच लिहिलेलं असतं. मी तिन्ही वर्गात वापरल्या आहेत. त्यांचं काम एक नाही. ४२ वजा १७ हे एकच उदाहरण घेऊन बसलं तरी फरक कळतो.

आधी काड्या. मुलासमोर चार गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या मागितल्या की मूल दोन उचलतं आणि अडतं. इथे आपण गप्प बसायचं. (मला अजूनही जड जातं.) थोड्या वेळाने एका गठ्ठ्याचं रबर निघतं, दहा काड्या बाकावर पसरतात, आणि ‘हातचा’ म्हणजे काय यावर भाषण करावं लागत नाही. रबर काढल्याने काडी वाढली नाही की कमी झाली नाही, हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं. गठ्ठाही त्यानेच मोजून बांधलेला असतो. काड्यांचा सगळा जोर यात आहे: दशक उघडता येतो.

तोटेही खरे आहेत. कुणाच्या गठ्ठ्यात नऊच निघतात, कुणाच्या अकरा, आणि उत्तर चुकलं की चूक वजाबाकीत आहे की गठ्ठ्यात, हे शोधण्यात तास जातो. शंभराच्या पुढे तर नुसता ढीग होतो.

दांडे-सुटे म्हणजे दहाच्या लांबीचे तयार दांडे आणि एकेकाचे सुटे ठोकळे. यांत नऊ-अकराची भानगड नाही. दांडा म्हणजे दहाच. दहा सुटे शेजारी लावले की लांबी बरोबर जुळते. दहा दांड्यांची एक पाटी, दहा पाट्यांचा एक ठोकळा. १९०७ मध्ये रोममध्ये ‘बालगृह’ ही लहान मुलांची शाळा सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांच्या सोनेरी मण्यांतही हीच चढण आहे: मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. लाकडी ठोकळ्यांच्या रूपात ती शाळाशाळांत नेण्याचं श्रेय बरंचसं गणितज्ञ झोल्टन डीन्स यांना जातं. तीन अंकी संख्यांसाठी याहून सोयीचं काही मला सापडलेलं नाही.

पण दांडा फुटत नाही, तो बदलून घ्यावा लागतो. नेमकं इथेच काही मुलं घसरतात. एका मुलीने माझ्या हातात दांडा ठेवला आणि एकच सुटा उचलला. ‘एक दिला, एक घेतला,’ असं तिचं म्हणणं, आणि तिच्या बाजूने ते चोख होतं. काड्या हाताळलेल्या मुलांत ही चूक मला क्वचित दिसली. आणखी एक गोष्ट: पहिल्या दिवशी मुलं मनोरे रचणारच. दहा मिनिटं रचू द्या, नाहीतर तास त्यातच जाईल.

कुझनेर पट्ट्या दुकानात दांड्यांच्याच शेजारी ठेवलेल्या असतात, त्यामुळे गल्लत होते. त्या १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या, प्रत्येक लांबीचा रंग वेगळा. संख्यांमधलं नातं दाखवायला छान, पण स्थानिक किमतीसाठी त्या घेऊ नका.

चकत्यांबद्दल थोडक्यात. एकाची आणि दहाची चकती आकाराने सारखीच, फरक रंगाचा आणि अंकाचा. म्हणजे दहापण डोळ्यांना दिसत नाही, मानावं लागतं. नवख्या मुलाला ही सोंगटीच वाटते. मोठ्या संख्या आणि पुढे दशांश अपूर्णांक आले की मात्र याच हलक्या आणि सुटसुटीत पडतात.

पक्षी, फळं, गाड्या अशा आकारांच्या सोंगट्या टाळाव्यात असं माझं मत. मुलं त्यांच्याशी खेळतात, मोजत नाहीत. संशोधक निकोल मॅकनील आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलेल्या प्रयोगांत हुबेहूब नोटा-नाणी घेऊन गणितं सोडवणाऱ्या मुलांच्या एकूण चुका जास्त निघाल्या. समजुतीच्या चुका मात्र कमी होत्या.

तेव्हा पहिल्यांदाच हातचा शिकवणार असाल तर काड्या, आणि पैसे उरले तर दांडे. तीन अंकी संख्या तोंडावर असतील तर थेट दांडे घ्या, पण बदलून घेण्याचा खेळ आधी दोन-तीन दिवस नुसताच खेळा. चकत्या पुढच्या वर्षी.

संच किती, हाही प्रश्न आहेच. शिक्षकाच्या टेबलावरचा एकुलता संच म्हणजे फळ्याचाच भाऊ. प्रत्येकाला एक दिला तर वाटण्यात आणि गोळा करण्यात वेळ जातो. दोघांत एक मला सर्वांत जमला: एक जण हाताने करतो, दुसरा तीच पायरी त्याच क्षणी वहीत लिहितो, मग अदलाबदल. हे लिहिणं सोडलं की काड्यांची वजाबाकी वेगळी आणि वहीतली वेगळी, अशी मुलाच्या डोक्यात दोन खाती उघडतात.

साहित्य कधी काढून घ्यायचं, याची खूण मुलंच देतात. वहीतल्या चारावर काट मारून वर तीन लिहिताना एखादं मूल तोंडातल्या तोंडात ‘रबर काढलं’ म्हणतं. त्याच्यापुढचा डबा मी उचलते.