भिंत बघायला कुठे जावं : ॲमस्टरडॅम, बर्लिन की दिल्ली?

रस्त्यावरची चित्रं बघायला मुद्दाम कुठे जायचं, हे आमच्या आईच्या गळी उतरत नाही. "भित देखाले पैसा कसाले?" पण खाली दिलेल्या तीनपैकी दोन ठिकाणी पैसे लागतच नाहीत.

लागतात ते ॲमस्टरडॅमच्या 'स्ट्राट'मध्ये. २०२० मध्ये उघडलेलं हे संग्रहालय जहाजबांधणीच्या जुन्या शेडमध्ये आहे, सुमारे आठ हजार चौरस मीटर. भल्यामोठ्या कॅनव्हासांपैकी बरेचसे कलाकारांनी तिथेच उभं राहून रंगवलेत. सेंट्रल स्टेशनमागून फेरीबोट फुकट. बाहेरच्या भिंतीवर ब्राझीलच्या कोब्रा या भित्तिचित्रकाराने काढलेली डायरीवाली ॲन फ्रँक तर बिनतिकिटाचीच!

बर्लिनचं 'अर्बन नेशन' हे २०१७ मध्ये उघडलेलं, अशाच चित्रांचं संग्रहालय आटोपशीर आहे. प्रवेश मोफत. एवढ्यासाठी वाट वाकडी करू नका. पण बर्लिनला जाणारच असाल तर ईस्ट साइड गॅलरी, म्हणजे जुन्या बर्लिन भिंतीचा १३१६ मीटर रंगवलेला तुकडाही बघा, दिवस सार्थकी लागेल.

दिल्लीची लोधी कॉलनी हे संग्रहालयच नव्हे. खन्ना मार्केट ते मेहरचंद मार्केट, सरकारी क्वार्टर्सच्या भिंतींवर पन्नासहून जास्त चित्रं. भुसावळहून निजामुद्दीनला थेट गाड्या आहेत, पुढे रिक्षा. चित्रासमोर स्कूटर, वर वाळत घातलेले कपडे. मला हेच आवडतं. छताखाली टांगलेल्या चित्राला रस्ता कुठला?

मात्र एक गोष्ट मला अडवते. भुसावळला ज्याची कबर आहे त्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून लंडनला पाठवल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाल्या. मूळ चित्रं लेणीत राहिली. रस्त्यावर नेमकं उलटं. भिंतीवरचं चित्र ऊनपावसात जातं, छताखालचं टिकतं. लोधीत आज दिसलेलं पुढच्या खेपेला असेलच असं नाही.

म्हणून माझं मत : युरोपची टूर आधीच ठरली असेल आणि ॲमस्टरडॅमला अर्धा दिवस मोकळा मिळत असेल, तर स्ट्राट. टूर नसेल तर त्यासाठी व्हिसाच्या रांगेत उभं राहू नका, सरळ दिल्ली गाठा. मे महिन्यात नको. तसलं ऊन जळगावात घरबसल्या मिळतं. थंडीत जा, आणि कामाच्या दिवशी साहेबलोक कचेरीत गेल्यावर. भिंतींपुढच्या गाड्या तेव्हा हललेल्या असतात.