पाचशेच्या नोटेवर 'पास' झालेला यूव्हीबी बल्ब

कासवाच्या पिल्लासाठी दुकानातून 'पूर्ण सेट' घेणार असाल तर आधी हे वाचा. माझे साडेसात हजार गेलेच, पिल्लूही जाता जाता राहिलं.

पिल्लू सुलकाटा जातीचं, म्हणजे मूळचं आफ्रिकेतलं, पाण्यात न राहणारं, जमिनीवरचं. भाच्याची बदली झाली म्हणून नोंदणीच्या कागदांसह आमच्याकडे आलं. त्याच्या राहण्याची सोय करायला नागपुरात बर्डीच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काचेची टाकी, हिरवं प्लास्टिकचं गवत, पाण्यातल्या कासवांच्या खाऊच्या गोळ्या आणि एक जांभळा बल्ब समोर मांडला. "काही टेन्शन नका घेऊ भाऊ, याच्यात सर्वच आहे. लोक हाच सेट नेऊन राहिले."

बल्ब खरंच यूव्हीबी, म्हणजे कासवाला लागणारे उन्हातले अतिनील किरण, देतो का, असं विचारलं. त्याची तयारी होती. दुकानातली ट्यूबलाइट बंद केली, गल्ल्यातून पाचशेची नोट काढली आणि बल्बखाली धरली. नोटेवरचा नंबर झगझगीत दिसायला लागला. "पाहा, आहे की नाही यूव्ही?"

खोट इथंच होती. नोट चमकते ती यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील प्रकाशात. नोटा तपासायच्या मशीनमध्ये तोच असतो. कासवाला लागतो यूव्हीबी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा. त्याने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागतं. तो मिळाला नाही की हाडं ठिसूळ होतात, कवच मऊ पडतं. नोट कितीही चमकली तरी यूव्हीबीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्यात टाकीला झाकण काचेचं. उद्या अस्सल ट्यूब वर लावली असती तरी काचेने यूव्हीबी अडवलाच असता. खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हाचंही तेच.

पिल्लाचं खाणं सुटलं, डोळे सुजले, नाकातून बुडबुडे यायला लागले. डॉक्टरांनी कवच दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न बल्बच्या खोक्याबद्दल केला. खोक्यावर फक्त वॅट छापले होते. अस्सल ट्यूबवर यूव्हीबीची टक्केवारी असते आणि तीसुद्धा वर्षभराच्या आत बदलावी लागते, कारण उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी घटत जातो. प्लास्टिकचे हिरवे धागे विष्ठेत निघाले, तेही त्यांनी दाखवले.

आता सुताराकडून प्लायवूडची चार बाय तीन फुटांची उघडी पेटी करून घेतली आहे. काचेला पिल्लू दिवसभर धडका मारत होतं. भिंतीपलीकडचं दिसेना झाल्यावर ते थांबलं. तळाला नर्सरीतली माती आणि कोकोपीट, ओलसर. सुलकाटा कोरड्या मुलखातलं असलं तरी पिल्लाला ७०-८० टक्के आर्द्रता लागते, नाहीतर कवच खडबडीत उंचवट्यांचं होतं. एका टोकाला दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास, दुसरं टोक गार, मध्ये लपायला अर्धी कुंडी. पाण्याला मातीची परळ. खायला गवत, जास्वंदीची पानं आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिशचं हाड). त्या गोळ्या फेकल्या. नागपूरच्या मे महिन्यात दिवा बहुतेक बंदच ठेवावा लागतो, फक्त कूलरचा झोत पेटीवर येऊ देत नाही. थंडीत रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावतो.

त्याच दुकानात जाताना हळू आवाजात "स्टार कासव पाहिजे का?" अशी विचारणा झाली होती. स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणी देऊ केलं तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. सुलकाटासारख्या परदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते, दुकानाचं छापील कार्ड चालत नाही.

पैसे मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "बिलावर यूव्हीबी कुठं लिहिलं आहे?" बिलावर होतं 'ॲक्वेरियम सामान, १ सेट'. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार केली आहे. खोकं आणि बल्बचे फोटो जोडले, पण या एका ओळीने गाडं अडवलं आहे. दुसरीकडून ट्यूब घेतली तेव्हा 'टी-५ यूव्हीबी ट्यूब, १० टक्के' असं बिलावर लिहून मागितलं. त्याने जरा कुरकुर केली, पण लिहून दिलं.