व्हॅलग्राइंड की ॲड्रेस सॅनिटायझर: आधी कोणतं लावावं?

व्हॅलग्राइंड आणि ॲड्रेस सॅनिटायझर ही दोन्ही प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणारी साधनं. लिनक्ससाठी सी किंवा सी++ मध्ये प्रोग्राम लिहीत असाल आणि सोर्स हाताशी असेल, तर सुरुवात ॲड्रेस सॅनिटायझरपासून करा, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य कारण वेग. व्हॅलग्राइंडमधलं मेमरी तपासणारं साधन, म्हणजे मेमचेक, प्रोग्रामची प्रत्येक सूचना स्वतःच्या कृत्रिम प्रोसेसरवर चालवतं. त्यामुळे प्रोग्राम १० ते ३० पट, कधी त्याहूनही जास्त मंदावतो. शिवाय थ्रेड कितीही असले तरी एका वेळी एकच पुढे सरकतो. ॲड्रेस सॅनिटायझरमध्ये तपासणीचा कोड कंपायलरच घालतो, म्हणून वेळ साधारण दुप्पट लागतो. एवढ्यात प्रत्येक कमिटला सगळ्या टेस्ट चालवता येतात. मंद साधन मात्र रिलीजच्या तोंडावरच आठवतं आणि तोवर बगवर बराच कोड रचला गेलेला असतो.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे. ॲड्रेस सॅनिटायझर दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरी (कोणती मेमरी वापरायला वैध आहे याची नोंद) ठेवतो, बफरभोवती रेडझोन, म्हणजे हात लावायला मनाई असलेला पट्टा, आखतो आणि फ्री केलेली मेमरी काही काळ क्वारंटाइनमध्ये अडवून धरतो. त्यामुळे हीपबरोबरच स्टॅकवरच्या आणि ग्लोबल ॲरेची हद्द ओलांडली तरी तो तिथेच थांबवतो. हे शेवटचे दोन प्रकार मेमचेकच्या नजरेतून सुटतात, आणि स्टॅकवरचा बफर ओव्हरफ्लो तर हल्लेखोरांचं जुनं हत्यार. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत उघड झालेला हार्टब्लीड हा हद्दीबाहेर वाचण्याचाच बग होता. असे बग शोधायला फझिंगच्या (प्रोग्रामला आपोआप बनवलेले वेडेवाकडे इनपुट देऊन पाहण्याच्या) जोडीला मी ॲड्रेस सॅनिटायझरच निवडेन.

तरीही व्हॅलग्राइंड काढून टाकू नका. इनिशियलाइझ न केलेल्या व्हेरिएबलवर एखादी अट अवलंबून असेल, तर ॲड्रेस सॅनिटायझर गप्प बसतो. मेमचेक ती ओळ दाखवतं आणि सांगितलं तर ती किंमत मुळात कुठून आली हेही शोधतं. क्लँग कंपायलरचा मेमरी सॅनिटायझर हे काम वेगाने करतो, पण त्यासाठी सगळ्या लायब्ररी पुन्हा बिल्ड कराव्या लागतात. कुणाची तयार बायनरी तपासायची असेल, तर व्हॅलग्राइंडच घ्या, कारण त्याला रीकंपाइल लागत नाही.

व्हॅलग्राइंड आणि ॲड्रेस सॅनिटायझर एकत्र चालत नाहीत. बिल्ड वेगळे ठेवा. सॅनिटायझरचा बिल्ड वापरकर्त्यांपर्यंत जाऊ देऊ नका. त्याचा रनटाइम डीबगिंगसाठी लिहिलेला आहे. सेटयूआयडी प्रोग्राममध्ये (जो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकारांनी चालतो) तो राहिला, तर साध्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून हल्लेखोर त्याच्या लॉगची जागा बदलून भलत्याच फाइलवर लिहू शकतो.