‘सातशे आणि एकोणतीस एकच हो!’ : माउंटन बाइकच्या मडगार्डात लागणारा चुना

साताऱ्यात पावसाने जोर धरला की मडगार्डांना गिऱ्हाईक लागतं, आणि वर्षभर दुकानात पडून राहिलेला हायब्रिड, म्हणजे बारीक टायरच्या सायकलचा माल माउंटन बाइकवाल्यांच्या माथी मारायला हाच मोसम बरा पडतो. गेल्या पावसाळ्यात एका २९ इंची हार्डटेलच्या, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेल्या माउंटन बाइकच्या मालकाला असाच एक पूर्ण लांबीचा सेट विकला गेला. सेटचे नऊशे, बसवण्याचे दोनशे, बिल नाही. शंका काढल्यावर दुकानातून एकच उत्तर आलं: ‘सातशे आणि एकोणतीस एकच हो!’

यात निम्मं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. हायब्रिडचं ७००-सी आणि माउंटन बाइकचं २९ इंची या दोन्ही चाकांच्या रिमचं माप ६२२ मिमीच असतं. पण मडगार्ड बसतं टायरवर, रिमवर नाही. हायब्रिडच्या ३५ मिमी टायरचा बाहेरचा व्यास भरतो सुमारे ६९२ मिमी. माउंटन बाइकचा २.२५ इंची टायर म्हणजे ५७ मिमी, त्याचा बाहेरचा व्यास जातो ७३६ मिमीच्या आसपास. म्हणजे टायरचा माथा २२ मिमी वर सरकतो. छोट्या गोलाईचं मडगार्ड मोठ्या टायरवर ताणून बसवलं की मधे फट आणि दोन्ही टोकं टायरला घासतात. रुंदीतही तीच गत. सेट ४५ मिमीचा, टायर ५७ चा. टायरपेक्षा निदान १० मिमी रुंद, म्हणजे इथे ६७ मिमीच्या पुढचं मडगार्ड हवं. ४५ चं लावलं तर दोन्ही बाजूंचं पाणी सरळ पायावर आणि चेनवर.

इथवर नुकसान पैशांचं आणि कपड्यांचं. खरा घोळ पुढच्या चाकावर झाला.

पूर्ण लांबीच्या मडगार्डाला वर एक पत्रा आणि खाली सळ्या असतात. पुढचं चाक धरणाऱ्या साध्या चिमट्याला दोन्हींसाठी भोकं असतात, शॉकअपला बहुतेक वेळा नसतात. मग दुकानदाराने वरचा पत्रा शॉकअपच्या माथ्याला आवळला आणि सळ्या वाकवून केबल टायने खालच्या नळ्यांना बांधल्या. उभ्या सायकलवर झकास दिसतं. पण शॉकअप दबतो तेव्हा खालच्या नळ्या चाकासकट वर येतात, माथा जागेवरच राहतो. शॉकअपचा प्रवास १०० मिमी आणि टायर-मडगार्डातली फट १५ मिमी असेल तर यवतेश्वर घाट उतरताना एका खड्ड्यात टायर मडगार्डावर आदळणार. पत्रा दुमडून चाकात गेला की चाक जाम, आणि माणूस हँडलवरून पुढे. ही सायकल घाटात गेली नाही, पोवई नाक्याकडच्या एका स्पीडब्रेकरवरच घासली, हे नशीब म्हणायचं.

तक्रार घेऊन गेल्यावर दुकानदाराने ‘पक्कं करून देतो’ म्हणत शॉकअपच्या कमानीला ५ मिमीचं भोक पाडलं. दोन नळ्यांना जोडणारी ही कमान शोभेची नव्हे. ब्रेक लागल्यावर दोन्ही नळ्या सारख्या राहाव्यात म्हणून ती असते. बऱ्याच शॉकअपची ती मॅग्नेशियमची ओतीव असते, आणि भोकाच्या कडेपासूनच तडा जायला सुरुवात होते. असं भोक दिसलं की वॉरंटीचा विषय तिथेच संपतो. बाराशेच्या आतल्या मडगार्डापायी शॉकअपचा अख्खा खालचा भाग बदलायची वेळ.

बसवायचं कसं, ते साधं आहे. पुढे कमानीखाली बसणारं छोटं, लवचीक प्लास्टिकचं मडगार्ड घ्या. ते कमानीला आणि खालच्या नळ्यांनाच बांधायचं, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होतं. चार केबल टाय पुरतात. प्रत्येक टायखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर अडकलेली वाळू रंग खरवडते. वरच्या चकचकीत नळ्यांना आणि त्यांच्या सीलला काही लागू देऊ नका. ब्रेकची नळी टायमध्ये आवळू नका. शेवटी हँडलवर पूर्ण वजन टाकून शॉकअप दाबून बघा. हवेचा असेल तर आधीचा दाब लिहून ठेवा, हवा सोडून तळापर्यंत दाबा आणि शॉक पंपाने परत भरा. पंप नसेल तर हवेला हात लावू नका.

मागे सीटच्या दांड्याला क्लॅम्पने बसणारं चालतं, हार्डटेलवर मागचं चाक त्या दांड्याच्या तुलनेत हलत नाही म्हणून. दांडा २७.२, ३०.९ की ३१.६ मिमी, ते आधी बघा. ढिला क्लॅम्प आत रबर घालूनही फिरतो आणि मडगार्ड बाजूला लोंबतं. फ्रेमला आट्यांची भोकं असतील तर एम-५, म्हणजे ५ मिमी जाडीचा बोल्ट लागतो. चेनच्या बाजूचा बोल्ट लांब झाला तर आत निघालेलं टोक सर्वांत लहान चक्रावर चेनला लागतं. तो मापाचाच घ्या.

कासच्या जांभ्याची लाल माती पातळ होऊन उडते, तिथे मडगार्ड कामाचं. नदीकाठच्या उसाच्या रानातली काळी माती मात्र मडगार्ड आणि टायरच्या मधे लिंपून बसते आणि चाकच फिरत नाही. त्या वाटेला जाताना ते काढून ठेवलेलं परवडतं.

ऑनलाइन मागवतानाही हाच खेळ. फोटोत पुढचं-मागचं दोन्ही, खोक्यात एकच. वर्णनात ‘२६ ते २९’ लिहिलेलं असतं, टायरची कमाल रुंदी कुठेच नसते. ती लिहिलेली नसेल तर घेऊ नका, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

दुकानात टेप घेऊन जा. टायरच्या बाजूवरचा आकडा, उदाहरणार्थ ५७-६२२, कागदावर उतरवून न्या. बिलावर मॉडेल आणि टायरचं माप लिहून घ्या, आणि ‘भोक पाडायचं नाही’ हे बसवण्याआधीच स्पष्ट सांगा. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. वरच्या प्रकरणात बिलच नव्हतं. दुकानदार म्हणाला, भोक आधीपासूनच होतं.