सोलचे राजवाडे बघायला जाताय? ‘फुकट हानबोक’ म्हणणाऱ्यांपासून जपा

सोलमध्ये पाकीटमारांची फार धास्ती नसते. प्रवासी नाडला जातो तो भिडेपोटी. ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं तिकीट 3,000 वॉन, पण बाहेर गाठ पडणारी गोड बोलणारी माणसं त्याच्या कित्येक पटींनी उकळतात.

ग्वांगह्वामुन, जोंगनो, इन्सादोंग, म्योंगदोंग, होंगदे या भागांत ही मंडळी दोघं-दोघं मिळून फिरतात. एकटा परदेशी माणूस हेरतात. सुरुवात रस्ता विचारून किंवा कॉलेजच्या सर्वेक्षणाच्या नावाखाली. (अस्खलित कोरियन बोलणाऱ्याला रस्ता विचारायला नेमका हातात नकाशा घेतलेला पाहुणाच का सापडावा?) मग तुमच्या चेहऱ्यावर तेज आहे असा विषय निघतो आणि पाठोपाठ आमंत्रण येतं: जवळच संस्कृती केंद्र आहे, हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) घालायला मिळेल, चहा होईल, पैसे नकोत.

‘केंद्र’ म्हणजे बहुधा कुठल्याशा इमारतीतल्या वरच्या मजल्यावरची खोली. तिथे हानबोक चढवतात, फळं-मिठाई मांडलेल्या मेजासमोर पुन्हापुन्हा वाकायला लावतात, नाव-जन्मतारीख लिहिलेला कागद जाळतात. तुमच्या पूर्वजांना शांती नाही म्हणून घरात अडचणी, असं सांगून नैवेद्याचे पैसे मागतात. आधी ‘इच्छेला येईल तेवढे’, पाकीट उघडलं की ‘एवढ्यात होत नाही’. पितृपक्ष पाळणाऱ्या घरातल्या माणसाला इथे नाही म्हणणं जड जातं, आणि अंगावर त्यांचे कपडे असल्याने उठून निघणंही. स्थानिक लोक अशांकडे न बघता चालत राहतात. तेच करा. फोन नंबर किंवा काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग ॲपचा आयडी देऊ नका, नाहीतर निरोप येत राहतात. आत गेलाच असाल तर रोकड नाही म्हणा आणि उठा. अडवलं तर पोलिसांचा 112. पर्यटकांची 1330 ही हेल्पलाइन इंग्रजीतून बोलते.

हानबोक घालायचाच असेल तर राजवाड्याजवळच्या दुकानातून भाड्याने घ्या. वरचा आणि खालचा दोन्ही कपडे हानबोकचे असतील तर चारही मोठे राजवाडे आणि जोंगम्यो हे राजघराण्याच्या पूर्वजांचं देवस्थान यांचा प्रवेश मोफत असतो. म्हणून ‘हानबोक अधिक राजवाडा प्रवेश’ अशा महाग पॅकेजात प्रवेशाचे पैसे धरलेले असतील तर ते वायाच. छांगदोकगुंग राजवाड्याच्या मागच्या बागेचं 5,000 वॉनचं तिकीट मात्र वेगळं काढावंच लागतं. ग्वांगह्वामुन या ग्योंगबोकगुंगच्या मुख्य दरवाज्यासमोरचा पहारा बदलण्याचा सोहळा फुकट दिसतो.

पाटीवरचं भाडं बहुधा सर्वांत साध्या पोशाखाचं असतं. जरीकाम, आतला घेरदार परकर, केशरचना, उशिराचा दंड, डागाची भरपाई, यातलं काय वेगळं लागेल ते आधी विचारा. कपडा हातात आला की घोळाचे आणि बाह्यांचे फोटो दुकानातच काढून ठेवा, जुना डाग तुमच्या नावावर पडत नाही. पैसे भरताना कार्डाच्या मशीनने वॉन की रुपये असं विचारलं तर वॉन निवडा. रुपयांचा दर मशीनवाल्यांचा असतो आणि तो सहसा महाग पडतो.