एफएसएचचं इंजेक्शन: पेन की पावडरची कुपी?

एफएसएच म्हणजे अंडाशयात बीजं वाढवणारं संप्रेरक (हार्मोन); मूल होण्यासाठीच्या उपचारात त्याचं इंजेक्शन देतात. डॉक्टर म्हणाले दोन्ही चालतील, तर औषधाच्या गुणाची काळजी करू नका. खरा फरक हाताळणीत आहे.

पावडरीत चुकायला जागा जास्त. ७५ युनिटच्या कुपीत १ मिली द्रावक सोडून ती हलकेच फिरवायची. खळखळवली की फेस येतो आणि डोस नीट ओढता येत नाही. २२५ युनिट हवे असतील तर तेच द्रावण ओढून दुसऱ्या, मग तिसऱ्या कुपीत घालायचं. ओढायला जाड सुई, टोचायला बारीक. ही अदलाबदल विसरली की विनाकारण दुखतं.

पेनमध्ये आकडा फिरवून टोचायचं, सुई दरवेळी नवी. चूक होते ती सुई लगेच काढण्याची: बटण दाबून धरा, पत्रकात दिलेले सेकंद (बहुधा ५ ते १०) मोजा. शून्याआधीच आकडा थांबला, तर तेवढे युनिट नव्या पेनमधून घ्यायचे.

पावडर सहसा स्वस्त, पण मिसळली की लगेच वापरावी लागते. उघडलेलं पेन बहुतेक वेळा २८ दिवस चालतं.

एकटीने टोचणार असाल किंवा डोस सारखा बदलत असेल, तर पेनच घ्या. पैसे मोजके आणि डोस ७५च्या पटीत असेल, तर पावडर. एफएसएचसोबत एलएच हे दुसरं संप्रेरकही हवं असेल, तर बहुधा पावडरच मिळेल.