बिलावरचा नंबर आणि हातातला मोबाइल

जूनमध्ये पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जळगावला गेलो आणि तिथल्याच एका दुकानातून तिच्यासाठी जुना मोबाइल घेतला. ७,८०० रुपये रोख मोजले. आज दुरुस्तीवाला त्याचे दोन हजारही धरत नाही. पैसे परत मागायला गेलो तर दुकानदाराने माझ्याच हातातलं बिल माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, हा मोबाइल आमचा नाहीच. हे कसं घडलं ते सगळं लिहितोय. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या खानदेशातून कितीतरी पोरं-पोरी शिकायला जळगाव-धुळ्याला जातात आणि आई-बाप पोटाला चिमटा घेऊन असाच एखादा जुना मोबाइल त्यांच्या हातात देतात. त्यांनी दुकानात पाय टाकण्याआधी हे वाचावं, एवढीच इच्छा आहे.

मी दोंडाईच्यात मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. फी, होस्टेलची अनामत, गणवेश असा सगळा खर्च एकदम अंगावर आला होता, त्यामुळे नव्या मोबाइलला बारा-पंधरा हजार काढणं शक्यच नव्हतं. आठ हजारांच्या आत काय बसतं ते पाहत होतो. शेवटी दोन मॉडेलांवर नजर ठरली: रेडमी नोट १० प्रो आणि सॅमसंग गॅलेक्सी ए५२. दोन्ही मार्च २०२१ मध्ये आपल्याकडे आलेली. नवी होती तेव्हा ६ जीबी रॅम आणि १२८ जीबीच्या रेडमीची किंमत १६,९९९ होती, तर तेवढ्याच मेमरीच्या ए५२ ची २६,४९९. जुन्या बाजारात मात्र दोन्ही जवळजवळ एका भावात आली होती. मला वाटलं, नवा असताना साडेनऊ हजारांनी महाग असलेला मोबाइल आता हजार-दीड हजार जास्त देऊन मिळत असेल तर तोच फायद्याचा.

महिनाभर वहीत दोन रकाने करून तुलना लिहिली. रेडमीची बाजू कमी नव्हती. ६.६७ इंचाची अमोलेड स्क्रीन, तिचा वेग १२० हर्ट्झ, ५०२० ची बॅटरी, ३३ वॅटचं चार्जिंग, दोन सिम घालूनही मेमरी कार्डाला वेगळी जागा. प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ७३२जी, म्हणजे ए५२ मधल्या ७२०जी पेक्षा काकणभर सरसच. ए५२ ची स्क्रीनही अमोलेडच, पण ६.५ इंच आणि ९० हर्ट्झ, बॅटरी ४५००, खोक्यातला चार्जर फक्त १५ वॅटचा, आणि मेमरी कार्ड घातलं तर दुसरं सिम काढावं लागतं. पण त्याचा कॅमेरा हात हलला तरी फोटो स्थिर ठेवतो; वर्गात मागच्या बाकावरून फळ्याचा फोटो काढणाऱ्या पोरीला ते लागणारच. अँड्रॉइडही ११ वरून १४ पर्यंत मिळालं, रेडमीचं १३ वर थांबलं. मुख्य म्हणजे ए५२ ला पाण्याचं आयपी६७ संरक्षण आहे. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी काही होत नाही, असा त्याचा अर्थ. होस्टेल ते दवाखाना पावसात पायी जायचं आहे, हे मनात होतं. दोघांतही फाइव्ह-जी नाही, म्हणून तो मुद्दा खोडला. शेवटी ए५२ च्या नावाखाली रेघ मारली आणि वही मिटली.

या तुलनेत एकही आकडा चुकीचा नव्हता. पण ते सगळे आकडे २०२१ मध्ये कारखान्यातून निघालेल्या मोबाइलचे होते. चार वर्षांत तो कुणाच्या हातात होता, कितीदा पडला, कितीदा उघडला, आत काय काय बदललं, यासाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता.

सकाळच्या गाडीने अमळनेर, धरणगाव करत जळगावला पोहोचलो. प्रवेशाचं काम दुपारपर्यंत उरकलं. मग मोबाइलची दुकानं ओळीने आहेत तिकडे गेलो. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. मी बोलायला लागलो तसा दुकानदार हसला आणि अहिराणीतच म्हणाला, "कोणता गावना शेतस तुम्ही भाऊ? दोंडाईचाना? मंग आपलाच माणूस शे." परक्या शहरात आपली बोली कानावर पडली की मन सैल होतं. माझंही झालं.

त्याने दोन्ही मोबाइल काउंटरवर ठेवले. रेडमीचे ६,५०० सांगितले, ए५२ चे ८,०००. रेडमीची पाठ कडेला घासलेली होती, पण पोरीने त्यात बोटाचा ठसा घालून पाहिला तर पहिल्या झटक्यात लागला. ए५२ मात्र नवाकोरा दिसत होता, सोबत मूळ खोकंही. त्याचा ठसा स्क्रीनवरच घेतात. पोरीने तीन-चार वेळा प्रयत्न केला, घेईना. दुकानदार म्हणाला, "वर जाड काच लायेल शे ना, म्हणीसन लेत नही. पंधरा दिननं काच काढी टाका, मंग लागी." ही सबब खोटी वाटत नाही, कारण जाड काचेखाली असा ठसा खरोखरच कधी कधी लागत नाही. म्हणून मी पुढे ताणलं नाही. बॅटरी नवी टाकली आहे, म्हणजे तुमचाच फायदा, असंही तो म्हणाला. रोख दिले तर दोनशे कमी. मी रोख दिले. त्याने खोकं उलटं धरून त्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख नंबर, बघत बिल लिहिलं, खाली 'जुना मोबाइल, वॉरंटी नाही' असं लिहून शिक्का मारला. मी नंबर खोक्याशी ताडून पाहिला. जुळत होता. मोबाइलशी ताडून पाहायचं डोक्यातच आलं नाही.

पहिली शंका स्टेशनवर आली. फलाटावर ऊन होतं. पोरगी तिकिटाचा फोटो उघडून बघत होती आणि तिला काही दिसेना. उजेड पूर्ण वाढवला तरी हाताची सावली धरावी लागत होती. अमोलेड स्क्रीन उन्हात अशी मरत नाही, हे मी स्वतः वाचलेलं होतं. तरी गाडी आली आणि आम्ही चढलो. त्या क्षणी दुकान पंधरा मिनिटांवर होतं. अजून रात्री तोच फलाट डोळ्यांपुढे येतो.

घरी पंधरा दिवस थांबलो नाही, आठव्या दिवशीच काच काढली. ठसा लागला नाही. बॅटरीचं तर वेगळंच. सकाळी पूर्ण भरलेला मोबाइल दुपारी तीनला बंद. आणि भरायचा मात्र पन्नास मिनिटांत, तोही १५ वॅटच्या चार्जरवर. हिशेब माझं कामच आहे, म्हणून मांडून पाहिला. ४५०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे सव्वासतरा वॅट-तासांची. १५ वॅटचा चार्जर पन्नास मिनिटांत फार तर साडेबारा देऊ शकतो, आणि तेही काहीच वाया गेलं नाही तर. म्हणजे आतली बॅटरी ४५०० ची नव्हतीच. जुनी बॅटरी नवी म्हणून दिलेली असो किंवा हलक्या दर्जाची टाकलेली असो, जो मोबाइल फार लवकर भरतो तोही तपासायला हवा, हे मला तेव्हा कळलं.

गावात दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक ओळखीचा पोरगा आहे. त्याच्याकडे नेला. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आतला दिवा बंद केला आणि मोबाइलवर पूर्ण काळं चित्र लावलं. "काका, बघा." स्क्रीन काळी नव्हती, राखाडी उजेड फेकत होती. अमोलेडमध्ये काळ्या जागचा ठिपका विझलेलाच असतो, त्यामुळे अंधारात काळं चित्र दिसतच नाही. इथे मूळ स्क्रीन काढून स्वस्तातली एलसीडी बसवली होती. ए५२ मध्ये ठशाचा सेन्सर स्क्रीनच्या खाली असतो आणि स्क्रीनच्या आरपार बघूनच ठसा घेतो. एलसीडीच्या मागे उजेडाचा पडदा असल्याने त्याला बोट दिसतच नाही. म्हणजे वरची काच काढली काय आणि ठेवली काय, तो ठसा कधीच लागणार नव्हता. खालची काळी पट्टीही मूळपेक्षा जाड होती, ती त्याने मला दुसऱ्या ए५२ चा फोटो दाखवून समजावली. मूळ स्क्रीन बसवायचा खर्च त्याने सांगितला तो मोबाइलच्या किमतीच्या घरात होता. मागचं झाकण उघडलं तर कडेचा कारखान्याचा गोंद नव्हता, बाजारातला चिकटवलेला होता. तेव्हा पाण्याच्या संरक्षणाचाही प्रश्न मिटला. एकदा असा उघडलेला मोबाइल आयपी६७ राहत नाही, मॉडेलच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो.

मग त्यानेच सांगितलं, "आता *#०६# दाबा." स्क्रीनवर दोन सिमचे दोन आयएमईआय आले. मी बिल काढलं. एकही जुळत नव्हता. खोकं एका ए५२ चं आणि मोबाइल दुसऱ्याच ए५२ चा. हे पाहून मला घाम फुटला, कारण लगेच पोरीचा विचार आला. हा मोबाइल चोरीचा असेल तर सिम माझ्या नावावर आणि वस्तू तिच्या हातात. त्याच वेळी एसएमएसमध्ये इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे जागा सोडून पंधरा आकडी नंबर टाकला आणि १४४२२ वर पाठवला. सरकारच्या संचार साथी व्यवस्थेतून उत्तर येतं. मॉडेल बरोबर आलं, ब्लॉक केल्याची नोंद नव्हती. तेवढा जीवात जीव आला. पण मालकाने तक्रार उशिरा केली तर नोंदही उशिराच येणार, म्हणून मी पुढचे दोन महिने दर आठवड्याला तपासत राहिलो.

दुसऱ्या रविवारी जळगावला गेलो. या वेळी दुकानदार अहिराणी बोलला नाही. त्याने बिल हातात घेतलं, मोबाइलवर *#०६# दाबलं आणि दोन्ही शेजारी धरून शांतपणे म्हणाला, "साहेब, बिलावरचा नंबर बघा. आम्ही विकलेला मोबाइल हा नाही. तुम्ही दुसरा घेऊन आलात." मी खोकं पुढे केलं. तो म्हणाला, खोक्याशी बिल जुळतंय ना, मग त्या खोक्यातला मोबाइल आणा. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती माझ्याकडेच संशयाने पाहायला लागली. तेव्हा समजलं की खोक्यावरून बिल लिहिणं हा त्याचा निष्काळजीपणा नव्हता. रिकामं खोकं त्याने त्यासाठीच ठेवलं होतं. निघताना म्हणाला, माणुसकी म्हणून मोबाइल ठेवून दोन हजार देतो. मी घेतले नाहीत.

पोलिसांत अर्ज दिला, पोच घेतली. ओळखीच्या वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या महत्त्वाच्या आहेत. पोरीने दुकानातच त्या मोबाइलमध्ये सिम टाकून मला फोन लावून पाहिला होता. कॉलच्या नोंदीत त्या मोबाइलचा आयएमईआय, वेळ आणि टॉवर राहतो. मात्र ती नोंद पोलीस किंवा न्यायालयच मागवू शकतं. दुसरं, तिने गुगल खातंही तिथेच उघडलं होतं, आणि कोणत्या मोबाइलवर कधी लॉगिन झालं ते खात्यात दिसतं. त्याचे फोटो काढून ठेवले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदाराने उत्तर दिलं नाही. आता धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दुकान जळगावचं असलं तरी २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. कुणी अशा फसवणुकीत अडकला असेल तर 'सात-आठ हजारांसाठी कुठे फिरायचं' म्हणून बसू नका. आपण बसतो म्हणून तर तो पुढच्या पोराच्या बापाला त्याच खोक्यातून मोबाइल काढून देतो.

परवा शालक शिरपूरहून विचारत होता, की जुना घ्यायचा तर यातलं कोणतं मॉडेल चांगलं. मी त्याला मॉडेल सांगितलं नाही. आधी दुकानदाराला *#०६# दाबायला लाव आणि आपल्या डोळ्यांसमोर तोच नंबर बिलावर लिहून घे, म्हटलं. पैसे रोख देऊ नको, यूपीआयने दे. सॅमसंग असेल तर *#०*# दाब, रेडमी असेल तर *#*#६४८४#*#*. तपासणीचा पडदा उघडतो, त्यात रंग, टच, स्पीकर, सेन्सर एकेक करून बघ. ठसा तिथेच लावून बघ, आणि लागत नसेल तर कारण ऐकत बसू नको, उठ. काळं चित्र लावून काउंटरखाली अंधारात धर. मग बाहेर उन्हात ने. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-पाच वर्षं काढलेली बॅटरी मूळचीच असली तरी थकलेली असते, तेव्हा नव्या मूळ बॅटरीचे पैसे भावातून आधीच वजा कर. एवढं झाल्यावर जो पीस उरेल तो घे, मग तो कोणत्याही कंपनीचा का असेना.

त्या दिवशी काउंटरवरचा रेडमी घासलेला होता, पण त्याचा ठसा लागत होता. मी तो बाजूला सरकवला होता.

पोरगी सध्या तोच ए५२ वापरते. तिची प्रॅक्टिकल सुरू झाली आहेत, मधे दुसरा घेऊन देणं जमलं नाही. पाऊस लागला की ती मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून दप्तरात खाली ठेवते आणि मला फोन करायचा असेल तर आधी आडोसा शोधते. पाण्याला चालतो म्हणून मी त्याचे तेराशे रुपये जास्त दिले होते.